बावीस दिवसांचा ड्यू कोर्स

टकटकबाई येताहेत हे त्या दिसायच्या आधीच ऑफिसात कळायचं. डाव्या बुटाचा तळ दोन इंच जाड, त्यामुळे लांबलचक व्हरांड्यात एक पाऊल मुकं पडायचं आणि दुसरं टक करून. खुर्चीत बसल्या की पायाची टकटक थांबायची आणि बोटांची सुरू व्हायची. नाव त्यांच्या माघारी पडलं होतं, पण त्यांना ते पक्कं ठाऊक होतं. कधी लहर आली तर फोन उचलून त्या स्वतःच "टकटकबाई बोलतेय" म्हणायच्या आणि समोरच्याला खुशाल गोंधळू द्यायच्या.

ऑफिस होतं पायाने अधू असलेल्यांना बूट आणि कुबड्या देणारं. पुढच्या खोलीत खिडकी आणि बाकं, मधल्या खोलीत साहेब, मागच्या अंगाला कारखाना. कारखाना हे आपलं म्हणायला. एक मिस्त्री, त्यांचे दोन जोडीदार, लाकडी साचे, बुचाचे थर आणि सरसाचा वास, एवढाच त्याचा पसारा. माणूस आला की मिस्त्री त्याचा पाय खाकी कागदावर ठेवायचे, पेन्सिलीने भोवती रेघ ओढायचे आणि कोणता पाय किती आखूड ते बाजूला लिहायचे. हा मापाचा कागद साहेबांकडे जायचा. साहेबांची सही होईपर्यंत चामड्याला सुरी लावायची नाही, असा नियम होता. म्हणजे सगळं ऑफिस एका सहीवर टांगलेलं.

टकटकबाईंचा स्वतःचा पाय त्या खाकी कागदावर पहिल्यांदा टेकला तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या. त्या वेळी तिथे थोरले साहेब होते. बाहेर जाणारी पत्रं इंग्रजीतच गेली पाहिजेत अशी मुख्य ऑफिसची ताकीद होती, आणि थोरल्या साहेबांना एकेक वाक्य तोंडाने सांगत बसायचा कंटाळा. म्हणून त्यांनी टाइपिस्टच्या टेबलावर भिंतीला एक पुठ्ठा चिकटवला होता. एक नंबर, शॉर्टली. दोन नंबर, इन ड्यू कोर्स. तीन नंबर, इन द निअर फ्यूचर. चार नंबर, ॲज अँड व्हेन पॉसिबल. अर्जाच्या कोपऱ्यात साहेब नुसता आकडा लिहायचे, टाइपिस्ट वाक्य पुरं करायची. इथवर ठीक. पण थोरले साहेब असे की त्या पुठ्ठ्यावर प्रत्येक नंबरापुढे त्यांनी दिवसही लिहिले होते. शॉर्टली म्हणजे आठ दिवस. इन ड्यू कोर्स म्हणजे बावीस. निअर फ्यूचर म्हणजे तीन महिने. चार नंबरापुढे लिहिलं होतं, "मी स्वतः घरी जाऊन सांगेन," कारण चार नंबर म्हणजे बूट मिळणार नाही, आणि नाही म्हणायचं तर ते तोंडावर म्हणावं असं त्या माणसाचं मत होतं.

त्यांच्या खुर्चीमागे चार कप्प्यांचं लाकडी कपाट होतं. रोज सकाळी टोपी काढायच्या आधी ते कप्पे बघायचे. दोन नंबरच्या कप्प्यातला कागद बाविसाव्या दिवशी बूट होऊन बाहेर पडायचा. बाकावरच्या बायाबापड्यांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, पण "ड्यू कोर्सला बावीस दिवस" हे त्यांना तोंडपाठ होतं. बाईंच्या आईच्या तोंडी त्याचं "डुकोर" झालं होतं. आई बाविसाव्या दिवशी मुलीला कडेवर घेऊन आली, आणि मुलगी परत गेली ती आपल्या पायांनी.

एकोणिसाव्या वर्षी त्याच ऑफिसात टाइपिस्ट म्हणून लागल्यावर बाईंनी संध्याकाळच्या वर्गात इंग्रजी शिकायला घेतलं. परीक्षेत 'इन ड्यू कोर्स'चा अर्थ विचारला होता. त्यांनी बेधडक लिहिलं, बावीस दिवसांनी. मास्तरांनी लाल रेघ मारली. बाई पेपर घेऊन मास्तरांच्या टेबलाशी गेल्या आणि वाद घालायला लागल्या. मास्तर म्हणाले, अहो, त्याला काही ठरलेली मुदत नसते, "यथावकाश" असा त्याचा अर्थ. बाईंनी विचारलं, मुदत नसेल तर लोक यायचं कधी? मास्तरांनी कपाळाला हात लावला. तो एक गुण बाईंना मिळाला नाही आणि तो गेल्याचा राग त्यांनी पुढे जन्मभर धरला.

अर्थात, मुदत नसलेलं इंग्रजी कसं असतं हे त्यांना घरबसल्या कळायचं होतंच. विमा कचेरीतला एक कारकून त्यांच्या आयुष्यात आला, चांगला उंच, बोलायला गोड. "समडे आपण लग्न करू," असं तो चार वर्षं म्हणत होता. बाईंनी एकदा महिना विचारला तर म्हणाला, "व्हेरी सून." घरी हे कळल्यावर आई म्हणाली, "त्याच्या आईला खरंच सून हवी असती तर त्याने महिना सांगितला असता." बाईंनी दुसऱ्या दिवशी त्याला त्याची छत्री परत केली आणि विषय संपवला. थोडं रडल्या असतील, पण छत्री देताना डोळे कोरडे होते. पुढे दादा आणि वहिनींकडेच राहिल्या. दादाही त्यातलाच. स्वयंपाकघराच्या दाराची कडी निखळली होती ती तो "वन ऑफ धिस डेज" बसवणार होता. वहिनी सहा वर्षं ते दार पाटा लावून बंद करत होत्या.

थोरले साहेब निवृत्त झाले, पाठोपाठ दोन-तीन साहेब आले-गेले, आणि मग आत्ताचे साहेब आले. माणूस वाईट नव्हता. हसतमुख, टापटीप, कुणाला अरेतुरे नाही. पण दिवसभर फोनवर, नाहीतर मीटिंगला. नंबरांची पद्धत त्यांना फारच आवडली. फक्त दिवसांचा भाग त्यांनी पुठ्ठ्यावरून कात्रीने कापून टाकला, कारण म्हणे त्याने ऑफिस बांधलं जातं. मापाचा कागद नीट वाचून, डॉक्टरांची चिठ्ठी पडताळून सही करायला दहा मिनिटं लागतात. कोपऱ्यात दोन आकडा लिहायला एक सेकंद. साहेबांनी सेकंद धरला. मागच्या कारखान्यात मिस्त्री रिकामे बसून सुऱ्यांना धार लावायचे. सुऱ्या झिजल्या, पण चामडं काही कापलं गेलं नाही.

बाईंनी हे सहन केलं, असं म्हणावं लागेल. खिडकीवर कुणी विचारलं तर त्या बावीस दिवस सांगायच्या, माणूस बाविसाव्या दिवशी यायचा आणि हात हलवत परत जायचा. मग त्यांनी दिवस सांगणंच बंद केलं. त्यांना स्वतःची लाज वाटू लागली होती. दीड वर्षाने निवृत्त व्हायचं होतं, आणि दादा रोज न चुकता म्हणायचा की बाई गं, दीड वर्ष गप्प राहा.

आणि मग इस्त्रीवाली तिसऱ्यांदा आली.

ही बाई एका लाँड्रीत कपड्यांना इस्त्री करायची. तिची मुलगी सहा वर्षांची, सगळे तिला चिमी म्हणत. चिमीचा उजवा पाय दीड इंच आखूड. ती टाच जमिनीला न लावता चवड्यावर चालायची आणि तरीही धावायला बघायची. पहिलं माप दीड वर्षापूर्वी घेतलं होतं. कोपऱ्यात दोन आकडा पडला, आठ महिन्यांनी सही झाली, बूट तयार झाला, आणि पायात जाईना. पाय वाढला होता. पुन्हा माप, पुन्हा दोन आकडा, पुन्हा तेच. आता डॉक्टरांच्या चिठ्ठीत नवीन ओळ आली होती: मुलगी आणखी काही महिने अशीच चालली तर पाठीचा कणा वाकेल, आणि मग बुटाने काही सरळ होणार नाही.

मिस्त्रींनी तिसरं माप घेतलं. इस्त्रीवाली खिडकीशी आली. तिचा आवाज चढलेला नव्हता, त्याचंच बाईंना जास्त लागलं. ती म्हणाली, "ताई, ह्या वेळी ड्यू कोर्स म्हणजे किती दिवस धरू? लाँड्रीत रजा सांगायची आहे."

चाळीस वर्षांच्या नोकरीत त्या खिडकीवर बाई पहिल्यांदाच गप्प झाल्या. इस्त्रीवालीने थोडी वाट पाहिली आणि मुलीला घेऊन गेली.

बाई उठून कारखान्यात गेल्या, खिळ्याला लावलेले चिमीचे तिन्ही कागद काढले आणि एकावर एक ठेवून काचेच्या दाराशी उजेडात धरले. एकात एक तीन पाय दिसत होते. सगळ्यात आतली रेघ आणि सगळ्यात बाहेरची रेघ यांच्यामध्ये त्यांचं बोट मावत होतं. मिस्त्री बाजूला उभे होते. ते म्हणाले, "पोरीचा पाय काही साहेबांच्या मीटिंगसाठी थांबत नाही." बाई परत आल्या तेव्हा व्हरांड्यातली टकटक नेहमीपेक्षा जोरात वाजत होती, असं बाकावरचे लोक सांगतात.

त्या दिवशी महिन्याची चार तारीख होती. टेबलावर चिमीचा धरून अडतीस अर्ज होते आणि अडतीसच्या अडतीस कोपऱ्यांत दोन. बाईंनी अडतीस पत्रं टाइप केली. रीतसर इंग्रजीत, रीतसर मथळा. फक्त जिथे 'इन ड्यू कोर्स' यायचं तिथे त्यांनी बावीस दिवस मोजून तारीख घातली: सव्वीस, सकाळी अकरा वाजता, बूट घालून बघायला यावं. ज्याला इंग्रजी येत नाही त्यालाही सव्वीस आणि अकरा हे आकडे वाचता येतात. संध्याकाळी साहेब खांद्यात फोन धरून बोलत होते आणि पत्रांवर सह्या करत होते, जशा ते रोज करत, न वाचता. बाईंनी ती त्याच दिवशी टपालात टाकली. मग मिस्त्रींना जाऊन सांगितलं. मिस्त्रींच्या तोंडचं पाणी पळालं. बाई, ते म्हणाले, कागदावर सही नसताना मी सुरी लावली तर माझी नोकरी जाईल. बाई म्हणाल्या, सुरी लावू नका, धार लावून ठेवा.

रोज सकाळी त्या अडतीस मापाचे कागद साहेबांच्या ट्रेमध्ये सगळ्यात वर ठेवायच्या. रोज संध्याकाळी ते सगळ्यात खाली गेलेले असायचे. असे दहा दिवस गेले. चौदा तारखेला बाई आत गेल्या आणि उभ्याउभ्या सांगितलं की सव्वीसला अकरा वाजता अडतीस माणसं येणार आहेत, तुमच्या सहीचं पत्र घेऊन, तेव्हा कागद बघून घ्या.

साहेबांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी फोन बंद केला, ही त्या ऑफिसातली मोठीच घटना. हसतमुख चेहरा लालबुंद झाला. तारीख घालायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला, त्यांनी विचारलं. बाईंनी दारातून बोट करून आपल्या टेबलावरच्या पुठ्ठ्याची कापलेली कड दाखवली. साहेब म्हणाले की हे शिस्तभंगाचं प्रकरण आहे, मी तुम्हाला मेमो देतो. आता ऑफिसात टाइपिस्ट एकच. तेव्हा बाईंचा मेमो बाईंनीच टाइप करायला घेतला. साहेब येरझारा घालत सांगत होते, बाई टाइप करत होत्या, एकही चूक न करता. शेवटचं वाक्य आलं: या मेमोचं लेखी स्पष्टीकरण विदिन फॉर्टी-एट अवर्स सादर करावं.

बाईंची बोटं थांबली.

"म्हणजे आपल्या ऑफिसला मुदत घालता येते," बाई म्हणाल्या. "मला वाटलं होतं येत नाही."

बाईंनी वाक्य पुरं केलं, कागद काढला, साहेबांची सही घेतली, आणि मग आपलीच पोच म्हणून खाली आपली सही केली, वेळेसकट. साहेबांनी दुसरं फर्मान काढलं: अडतीस जणांना पत्रं जाऊ द्या, सव्वीस तारीख रद्द, पुढची तारीख शॉर्टली कळवण्यात येईल. बाई म्हणाल्या, ही पत्रं मी करणार नाही. साहेब म्हणाले, मग दुसरं कुणी करेल. आणि बोलल्यावर त्यांच्याच लक्षात आलं की दुसऱ्या टाइपिस्टची जागा सहा वर्षं रिकामी आहे आणि ती भरण्याबद्दल मुख्य ऑफिसने कळवलेलं आहे, इन द निअर फ्यूचर. दुपारी त्यांनी दार लावून स्वतः टाइप करून पाहिलं. दोन बोटांनी दोन पत्रं झाली, त्यातल्या एकात मजकुराच्या जागी मथळाच दोनदा आला. मग त्यांनी नाद सोडला.

घरी दादाने डोकं धरलं. दीड वर्षासाठी हे कशाला अंगावर ओढून घेतलंस, त्याने विचारलं. पेन्शन अडकली तर? वहिनी पाटा सरकवून दार लावत होत्या. त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "वन्सं, बरं केलंत." चाळीस वर्षांत वहिनींनी नवऱ्यासमोर त्याच्याविरुद्ध मत दिल्याचं कुणाला आठवत नव्हतं. दादाही चाट पडला.

अठ्ठेचाळीस तास पुरे व्हायला एक तास होता तेव्हा बाईंनी स्पष्टीकरण दिलं. चिमीचे तीन कागद एकावर एक टाचलेले, प्रत्येकावर तारीख, वर डॉक्टरांची चिठ्ठी. खाली मराठीत एक ओळ, "स्पष्टीकरण सोबत जोडले आहे." साहेबांनी वरचा कागद उचलून बघितला, मग खालचा, मग पुन्हा वरचा. बाई जागच्या हलल्या नाहीत. साहेबांनी त्यांना जायला सांगितलं.

सतरा तारखेला सकाळी ट्रेमध्ये अडतीस कागद होते आणि अडतिसांवर सह्या होत्या. साहेबांना पोरीची कणव आली, की पुढच्या खोलीत अडतीस माणसं सहीचं पत्र नाचवताहेत हे चित्र डोळ्यांपुढे आलं, हे त्यांचं त्यांना माहीत. मिस्त्रींना सही लागते, कारण लागत नाही. कारखान्यात नऊ दिवस कुणी जेवायलाही धड बसलं नाही. सव्वीसला एकोणतीस जोड तयार झाले. उरलेल्या नऊ जणांना बाईंनी खिडकीतून स्वतः सांगितलं, तीस तारीख, अकरा वाजता, आणि तीसला ते जोडही मिळाले.

चिमीचा बूट पायात सरळ गेला. मिस्त्रींनी तीन वेळा अंगठ्याजवळ दाबून बघितलं. मुलीने टाच टेकली, आणि आईकडे बघितलं, कारण आई अचानक तिला बुटकी वाटत होती. मग ती व्हरांड्यात चालायला लागली. टक, टक. इस्त्रीवाली रडली आणि बाईंनाही रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही.

दोन तारखेला मुख्य ऑफिसचं पत्र आलं. बिनपरवानगी तारखा दिल्याबद्दल बाईंना कामावरून दूर करण्यात येत होतं आणि पुढचा आदेश इन ड्यू कोर्स कळवण्यात येणार होता. साहेबांनी पत्र देताना मान वर केली नाही. मी काही लिहिलं नव्हतं, ते म्हणाले, मेमोची प्रत नियमाने वर जाते, तिथूनच आलं. बाईंनी पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं, पुठ्ठा भिंतीवरून उचकटला आणि काखेत मारून घरी आल्या. घरी त्यांनी पुठ्ठ्याच्या कापलेल्या कडेला चिकटपट्टीने नवी पट्टी जोडली, आणि दिवसांचे आकडे थोरल्या साहेबांच्याच वळणाने परत लिहिले. मग कॅलेंडरवर चोवीस तारखेभोवती गोल केला. दादाने तो गोल रोज पाहिला आणि तेराव्या दिवशी, कुणी न सांगता, स्वयंपाकघराची कडी बसवली.

चोवीस तारखेला सकाळी अकराला बाई मुख्य ऑफिसच्या खिडकीशी उभ्या होत्या. खिडकीतल्या कारकुनाने पत्र वाचलं आणि समजुतीच्या सुरात सांगितलं की अजून काही निर्णय नाही, झाला की कळवू.

"ड्यू कोर्स आज संपला," बाई म्हणाल्या.

कारकुनाला हसू आलं. त्याने सांगितलं की बाई, त्याला अशी काही ठरलेली मुदत नसते.

"असते," बाई म्हणाल्या. "बावीस दिवस. आम्ही पाळलेली आहे." त्यांनी काखेतला पुठ्ठा काढून खिडकीच्या काचेला टेकवून ठेवला, आकडे आतल्या बाजूला येतील असा. "मी बसते. तारीख लिहून मिळाली की उठेन."

आणि त्या बाकावर जाऊन बसल्या. दादा आधीच तिथे बसलेला होता, त्याने सरकून जागा दिली. कारकून आत जाऊन कुणाला तरी घेऊन आला, त्याने अजून कुणाला तरी बोलावलं, तिघं काचेतून पुठ्ठा वाचत उभे राहिले. तेवढ्यात बाहेरच्या जिन्यावर टक, टक असा आवाज आला. बाई तर बाकावर बसलेल्या होत्या. तिघांनीही दाराकडे पाहिलं. मिस्त्रींकडून चोवीस तारीख कळली तशी इस्त्रीवाली लाँड्रीतून रजा सांगून आली होती. चिमी तिच्या पुढे चालत होती, टाच टेकवून.